जे डोळ्यांनी पाहिलेच नाही त्याचे छायाचित्र

निसर्ग-छायाचित्रणाचे कोणतेही प्रदर्शन पाहा किंवा एखाद्या स्पर्धेचा वार्षिक संग्रह चाळा, दोन विषय तेथे हटकून भेटतात. एक, फुलापुढे हवेत थबकलेला हमिंगबर्ड. आणि दुसरा, सबंध चौकट व्यापून उरलेले एखाद्या माशीचे, चतुराचे वा नाकतोड्याचे डोके. वास्तविक या दोहोंमध्ये नाते काहीच नाही. एक पक्षी, आणि तोही केवळ अमेरिका खंडांत आढळणारा. दुसरे कीटक, ज्यांच्यावाचून पृथ्वीवरचे एकही अंगण रिकामे नाही. असे असूनही ही दोन्ही वेडे पुष्कळदा एकाच माणसाला जडलेली दिसतात. हमिंगबर्डसाठी कोस्टारिका वा इक्वेडोरपर्यंत जाऊन आलेला छायाचित्रकार घरी परतल्यावर कुंडीतल्या जास्वंदीवरच्या मुंगीपुढे तितक्याच तन्मयतेने ओणवा होतो. त्याला यात एवढा आनंद कशाचा वाटतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

छायाचित्रकारांनाच विचारले तर तीन उत्तरे मिळतात: सौंदर्य, दुष्करता आणि निसर्गप्रेम. तीनही उत्तरे खोटी नाहीत, पण तीनही अपुरी आहेत. सौंदर्याचेच म्हणाल तर मोर काही कमी सुंदर नाही. पण मोराच्या छायाचित्रामागे वर्षानुवर्षे घालवणारे फारसे आढळत नाहीत. दुष्करतेचे म्हणाल तर गढूळ पाण्यातल्या माशाचे छायाचित्र काढणेही दुष्करच आहे. त्याचा मात्र कोणाला ध्यास लागत नाही. राहिले निसर्गप्रेम. ज्या झाडाच्या पानावर तो कीटक बसलेला असतो त्या झाडाचे नाव छायाचित्रकाराला ठाऊक असतेच असे नाही, आणि ते ठाऊक करून घेण्याची निकड त्याला भासतेच असेही नाही. तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

आमच्या मते ते कारण डोळा आणि कॅमेरा यांच्यातल्या एका विशिष्ट अंतरात आहे. ताडोब्याच्या जंगलात वाघाचे छायाचित्र काढणारा माणूस आधी वाघ पाहतो आणि मग तो टिपतो. छायाचित्र हा त्या पाहण्याचा पुरावा असतो, स्मरण असते, क्वचित मिरवण्याचे साधन असते. पण वाघाचे पट्टे, त्याची चाल, त्याची नजर हे सारे त्या माणसाच्या डोळ्यांनी कॅमेऱ्याच्या आधीच घेतलेले असते. हमिंगबर्डच्या बाबतीत असे घडत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या बागांतून दिसणारा, गळ्यावर माणकासारखा लाल पट्टा असलेला हमिंगबर्ड घ्या. वजन तीन-चार ग्रॅम. हवेत स्थिर असताना तो सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख हलवतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसते ते इतकेच: एक चोच, एक ठिपक्याएवढा डोळा आणि दोन्ही बाजूंना धुरासारखे काहीतरी. पंख त्याला दिसतच नाहीत. ते त्याला प्रथम दिसतात ते छायाचित्रात. म्हणजे आपण काय टिपले हे टिपणाऱ्यालाच टिपताना ठाऊक नसते. तो त्या चित्राचा कर्ता खरा, पण त्याहून अधिक तो त्याचा पहिला वाचक असतो. हा पहिल्या वाचकाचा आनंद आहे, आणि तो वाघाच्या छायाचित्रकाराला सहसा लाभत नाही.

हे अंतर किती मोठे आहे याचा थोडा हिशेब मांडू. अशा पक्ष्याच्या पंखाचे टोक सेकंदाला दहा मीटरांच्या आसपास वेगाने फिरते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते एक सेंटीमीटर सरकलेले असते. म्हणजे सामान्यतः पुष्कळ वेगवान समजले जाणारे शटरही येथे अपुरे पडते. त्यावरचा उपाय शटरमध्ये नसून प्रकाशात आहे. छायेत बसवलेल्या पक्ष्यावर चारी बाजूंनी फ्लॅश रोखायचे, त्यांची शक्ती सोळाव्या वा बत्तिसाव्या हिश्श्यावर आणायची, म्हणजे प्रत्येक लखलखाट सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागापुरताच टिकतो. शटर उघडे असते, पण त्या काळोखात पक्षी ‘असतो’ तो तेवढ्या निमिषापुरताच. हे तंत्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरॉल्ड एजर्टन यांच्या स्ट्रोबोस्कोपच्या प्रयोगांतून आले. दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंद भेदून गेलेली गोळी यांच्या त्यांच्या चित्रांची कीर्ती मोठी; हमिंगबर्डही त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या प्रकाशात आणून बसवले होते.

पण या वेडाचा खरा मूळपुरुष आम्हांला क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट वाटतात. १९४८ ते १९६२ या काळात ते ड्यूपाँ या अवाढव्य रसायन-कंपनीचे अध्यक्ष होते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत जगातली पहिली नियंत्रित अणुविखंडन-साखळी सुरू झाली, त्या वेळी उपस्थित असलेल्या मोजक्या लोकांत ते होते. असा हा मनुष्य फुरसतीच्या काळात फ्लॅशची अवजड सामग्री घेऊन हमिंगबर्डच्या मागे दक्षिण अमेरिकेपर्यंत हिंडला आणि १९६० मध्ये त्याने ‘हमिंगबर्ड्‌स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची ओळख छायाचित्रांचा संग्रह अशी करून देतात. आमच्या मते तो प्रश्नांचा संग्रह आहे. पंख किती वेळा हलतो? मागे उडताना त्याचा कोन कसा बदलतो? गळ्यावरचा रंग एका क्षणी अग्नीसारखा आणि दुसऱ्या क्षणी काळा का दिसतो? तो रंग रंगद्रव्याचा नसून पिसातल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या परस्परक्रियेचा आहे, हे दाखवणाऱ्या संशोधनात ग्रीनवॉल्ट स्वतः सहभागी होते. ज्याला चित्र हवे होते त्याला चित्र मिळाल्यावर थांबता आले असते. ग्रीनवॉल्ट थांबले नाहीत, यातच सारे आले.

कीटकांकडे वळू. येथे अडथळा वेगाचा नसून आकाराचा आहे, पण अंतर तेच. वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची म्हटले की फोकसमध्ये राहणारी जाडी एक मिलिमीटरच्या आसपास येते. पाचपट मोठी करायची म्हटले तर ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही उरत नाही. माशीचा डोळा स्पष्ट आला तर तिची मिशी धुक्यात जाते. छायाचित्रकाराने श्वास घेतला तर दोन्ही जातात. म्हणून एकेका थराचे वेगवेगळे छायाचित्र घेऊन ते सारे थर संगणकावर एकत्र रचण्याची पद्धत रूढ झाली. अशा रीतीने जे चित्र तयार होते ते कोणत्याही डोळ्याने, कोणत्याही भिंगातून, एका क्षणी पाहिलेले नसते. पडद्यावर ते हळूहळू घडत जाते आणि कुंडीजवळ बसलेल्या त्या क्षुद्र माशीला एकाएकी केस, काटे, परागकण, हजारो षट्कोनी डोळे फुटतात. हा आनंद ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी नाही, त्यांनी लहानपणी पाण्यात सोडलेले चित्र वर येताना पाहिले असेल तर कल्पना करता येईल.

आणि कधीकधी त्या चित्रात खरोखरच असे काही सापडते की जे कोणी कल्पिलेलेही नसते. युरोपातल्या बागांत आयव्हीच्या वेलीवर ‘इसस’ नावाचा एक लहानसा उडी मारणारा कीटक राहतो. त्याच्या पिल्लांच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी दातेरी चाके आहेत. घड्याळातल्यासारखी, एकमेकांत बसणारी. उडी मारताना दोन्ही पाय एकाच वेळी सुटावेत म्हणून ती एकमेकांना धरून फिरतात. केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी २०१३ साली हे अतिवेगवान चित्रीकरणाने आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले. दातेरी चाक ही मनुष्याची प्रतिभा, असे मानण्याची सवय झालेल्या आपल्याला ते बागेतल्या वेलीवर आधीपासूनच फिरत असल्याचे कळावे, ही घटना लहान नव्हे. हमिंगबर्डच्या जिभेची कथाही अशीच. ती केशनळीप्रमाणे मध वर ओढते, असा समज एकोणिसाव्या शतकापासून चालत आला होता. ती द्रवात उघडते आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडून आणते, हे २०११ साली अतिवेगवान चित्रीकरणातून स्पष्ट झाले. पक्षी शतकानुशतके समोरच होता, पण त्याची जीभ पाहू शकेल असा डोळा आपल्याजवळ नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जाणे योग्यच आहे. सुझन सोन्टॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या ग्रंथात कॅमेऱ्याचे बंदुकीशी असलेले नाते उलगडून दाखवले आहे. शिकारीच्या सफरीत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, पण नेम धरण्याची वृत्ती तीच राहिली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. मग हमिंगबर्डचे छायाचित्र म्हणजे पेंढा भरलेल्या पक्ष्याचाच सुधारित अवतार नव्हे काय?

हा वारसा नाकारता येणार नाही. लंडनच्या जॉन गूल्ड यांनी १८५१ साली रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले. पाऊण लाखाच्या आसपास लोक ते पाहून गेले. हमिंगबर्डवरचा त्यांचा भव्य सचित्र ग्रंथ १८४९ पासून खंडशः निघत होता, त्यातल्या झळाळीसाठी सोन्याचा वर्ख वापरलेला होता, आणि हे सारे चालू असताना गूल्ड यांनी जिवंत हमिंगबर्ड एकदाही पाहिलेला नव्हता. तो त्यांनी पाहिला १८५७ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर. मृत पक्ष्याच्या पिसातली झळाळी शाबूत राहते, कारण ती पिसाच्या रचनेतच आहे. जाते ते उडणे. बंदुकीला हमिंगबर्डचा रंग मिळाला, हमिंगबर्ड मिळाला नाही. आणि कधी तर तेवढेही नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे घालवलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६३ च्या आपल्या प्रवासग्रंथात प्रांजळपणे नमूद केले आहे, की हमिंगबर्ड समजून आपण अनेकदा एका पतंगाला गोळी घातली. फुलापुढे तसाच थबकणारा, तशीच सोंड लावणारा हा पतंग. स्थानिक लोकांची तर अशी ठाम समजूत होती की या पतंगाचाच पुढे पक्षी होतो. आपल्याकडेही याच कुळातला पतंग संध्याकाळी बागेत येतो आणि ‘आमच्या गच्चीत हमिंगबर्ड आला’ अशी वार्ता पसरते. कधी ती बातमी शिंजीर पक्ष्यावरून उठलेली असते. भारतात हमिंगबर्ड नाहीत हे सांगितल्यावर सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो. वास्तविक पक्ष्याची नक्कल वाटावी असा एक कीटक आपल्या घरी आला ही बातमी अधिक मोठी आहे. असो.

तर सोन्टॅग यांचा आक्षेप आम्हांला अर्धा मान्य आहे. शिकाऱ्याला काय मिळणार हे गोळी झाडण्यापूर्वीच ठाऊक असते. जे छायाचित्र काढण्यापूर्वीच छायाचित्रकाराला ठाऊक असते, ते शिकारच होय. जे ठाऊक नसते, त्याला शिकार म्हणता येणार नाही. आणि दुर्दैवाने आज या दोन्ही विषयांत पहिला प्रकार बोकाळला आहे.

हमिंगबर्डच्या सहलींत काय चालते ते पाहा. विश्रामगृहाच्या आवारात साखरपाण्याची नळी टांगलेली. तिच्यापुढे, तोंड झाकेल असे, एक ताजे फूल बांधलेले. फुलात पिचकारीने साखरपाणी घातलेले. मागे हिरव्या-पिवळ्या अस्पष्ट रंगांचे छापील कापड, कारण फ्लॅशचा उजेड खऱ्या जंगलापर्यंत पोहोचत नाही आणि मागे काळोख येतो. चार-पाच फ्लॅश आधीच जागच्या जागी लावलेले. सहलीतला प्रत्येक जण आळीपाळीने खुर्चीवर बसून कळ दाबतो आणि प्रत्येकाला तेच चित्र मिळते. कीटकांच्या बाबतीत याहून वाईट. कीटक शीतरक्ताचा, म्हणून त्याला काही काळ शीतकपाटात ठेवायचे. तो बधिर झाला की सोयीच्या पानावर मांडायचे आणि दवबिंदू म्हणून वर पाण्याचा फवारा मारायचा. बेडकाच्या पाठीवर भुंगा, गोगलगायीवर बेडूक अशी जी ‘मौजेची’ चित्रे फिरत असतात, ती पाहताना त्या जिवांनी आपणहोऊन असा खेळ कधी मांडला असता काय, एवढा प्रश्न विचारला तरी पुरे. २०१८ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आपल्या प्रख्यात स्पर्धेतले एक विजेते चित्र बाद केले. ब्राझीलमधल्या एका वारुळावर चमकणाऱ्या अळ्या आणि त्याकडे चाललेला मुंगीखाऊ, असे ते अपूर्व दृश्य होते. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधले. त्या चित्रातल्या अळ्यांचा प्रकाश खरा होता. तो एकटाच पुरेसा होता. पण जे डोळ्यांना आधीच परिचित आहे असे काहीतरी त्यात घातल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही, असे कोणाला तरी वाटले.

यावर असे म्हणता येईल, की ग्रीनवॉल्ट यांनी तरी काय केले? त्यांनीही पक्ष्याला गोड पाण्याचेच आमिष दाखवले आणि कृत्रिम उजेडच पाडला. रॉबर्ट हूक यांचे उदाहरण तर याहून जुने. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’साठी मुंगीचे चित्र काढताना ती त्यांना स्वस्थ बसू देईना. पाय चिकटवले तर अंग वळवळे, मारली तर देह आक्रसून आकार बिघडे. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत बुडवले. ती निपचित पडली, चित्र झाले, आणि तासाभराने उठून ती चालती झाली. ब्रँडी आणि शीतकपाट यांत तत्त्वतः फरक नाही, हे आम्ही मान्य करतो. फरक आहे तो विचारलेल्या प्रश्नात. हूक यांच्यापूर्वी मुंगीचा देह तसा कोणी पाहिला नव्हता. शीतकपाटातून काढलेला टोळ मात्र आधीच पाहिलेल्या शेकडो टोळांसारखा दिसावा म्हणूनच बाहेर काढलेला असतो. युक्ती करण्याला आमचा विरोध नाही. उत्तर आधीच ठाऊक असताना जिवाला छळण्याला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक घटले. ज्या काळात कीटकांची छायाचित्रे कधी नव्हती इतकी निघू लागली, त्याच काळातली ही घट आहे. छायाचित्रांमुळे ती झाली असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या त्या शीर्षचित्रांतून झाड, गवत, ऋतू, गाव सारे कापून टाकलेले असते, आणि कीटक नाहीसा होतो तो याच गोष्टी नाहीशा झाल्यामुळे. इंटरनेटवरच्या नोंदवह्यांत कोणी हौशी माणसाने टाकलेले, थोडे हललेले, पण तारीख, ठिकाण आणि पान दाखवणारे छायाचित्र म्हणून आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

पंख हललेले असण्याचाही आम्हांला विषाद वाटत नाही. प्रत्येक पीस मोजता येईल असा गोठवलेला हमिंगबर्ड पहिल्यांदा पाहताना विस्मय वाटला. शंभराव्यांदा तो खिळ्यावर टांगल्यासारखा दिसतो. ज्या चित्रात देह स्थिर आहे आणि पंखांच्या जागी नुसती एक पुसट कमान आहे, त्यात निदान तो उडतो आहे. स्पर्धांचे परीक्षक अशी चित्रे सहसा मागे ठेवतात, हे ठाऊक असूनही आम्ही हे लिहीत आहोत.

आता दोन नव्या गोष्टींनी हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. पहिली अशी की अलीकडचे कॅमेरे कळ दाबण्यापूर्वीच्याही काही क्षणांची छायाचित्रे साठवून ठेवतात. पक्षी उडाल्यावर कळ दाबली तरी उडण्यापूर्वीचे चित्र हाती येते. म्हणजे अचूक क्षण साधण्याचे जे श्रेय छायाचित्रकार स्वतःकडे घेत असे तेही गेले. दुसरी अशी की कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळींत सांगितले तर ती हवा तसा हमिंगबर्ड, हव्या त्या फुलापुढे, एकही पीस न हलता उभा करून देते. आनंद चित्रात असता तर हे पुरेसे होते. मग पहाटे उठून दवात लोळण्याचे कोणाला काही कारण उरले नसते. पण लोक उठतात आणि लोळतात. यंत्राच्या त्या हमिंगबर्डमध्ये पाहण्यासारखे काही निघणार नाही हे त्यांना कळते, कारण जे आधी कोणी टिपले त्याचीच ती सरमिसळ आहे. ‘इसस’च्या पायातले चाक त्यातून निघाले नसते.

तेव्हा प्रदर्शने भरवणाऱ्यांना आमची एक साधी सूचना आहे. चित्राखाली कॅमेरा आणि भिंग यांची नावे छापण्याऐवजी पक्षी नळीवर आलेला होता की फुलावर, मागचे रान खरे की कापडाचे, कीटक जिवंत होता की नाही, तो कोठे आणि कोणत्या महिन्यात सापडला, एवढे छापावे. यात लाजण्यासारखे काही नाही. लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले मृत कीटक घेऊन २०१६ मध्ये ‘मायक्रोस्कल्प्चर’ हे प्रदर्शन केले. एकेका चित्रासाठी आठ हजारांहून अधिक छायाचित्रे रचलेली होती, आणि कीटक संग्रहातले आहेत हे उघड सांगितलेले होते. भिंतीवर माणसाहून उंच भुंगा, आणि त्याच्याजवळ तो भुंगा स्वतः, टाचणीला लावलेला, नखाएवढा. भिंतीवरचे चित्र दालनाच्या दारातूनही दिसते. टाचणीवरचा तो भुंगा पाहायचा तर अगदी जवळ जाऊन वाकावे लागते.